दवाखान्यातला मुलांच्या वजनाचा कार्यक्रम: उपयोग होतोय की नाही, हे कसं ठरवायचं?

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांचं वजन आटोक्यात आणण्याचे कार्यक्रम आता मोठ्या रुग्णालयांपुरते राहिलेले नाहीत. फॅमिली डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञ आपल्या रोजच्या ओपीडीतही ते चालवतात. पुढची प्रश्नोत्तरं असा कार्यक्रम चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी आहेत, तशीच मुलाचं नाव घालावं की नाही या विचारात पडलेल्या आईवडिलांसाठीही. दाखले बहुतेक ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले आहेत, कारण साध्या दवाखान्यात हे कार्यक्रम नीट पारखून बघण्याचं बरंचसं काम तिकडे झालं. आपल्याकडे काय वेगळं आहे ते पुढे येईलच.

असे कार्यक्रम म्हणजे नेमकं काय असतं?

सर्वांत साधा प्रकार असा: डॉक्टर वजन-उंची मोजतात, वाढीच्या तक्त्यावर खूण करतात आणि गोड पेयं, टीव्ही, खेळ, झोप यांवर चार गोष्टी सांगून महिन्याने परत बोलावतात. दुसऱ्या टोकाला आठवड्यातून एकदा अख्ख्या कुटुंबाला बसवून वर्षभर चालणारे कार्यक्रम आहेत. त्यांत आहारतज्ज्ञ असतात, वागणुकीवर काम करणारे प्रशिक्षक असतात, आईवडिलांचंही वजन मोजलं जातं. दोन्हींना 'कार्यक्रम' हाच शब्द वापरतात आणि तिथूनच निम्मा घोळ सुरू होतो.

मुलाचं वजन जास्त आहे हे कशावरून ठरवायचं? दिसायला तर नुसता बाळसेदार वाटतो.

दिसण्यावर जाऊ नका. घरातलीही फसतात आणि डॉक्टरही. मोठ्यांसाठी बीएमआयचा (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) एकच आकडा चालतो, मुलांसाठी चालत नाही, कारण वयाप्रमाणे बीएमआय स्वतःच वरखाली होत असतो. वर्षाच्या बाळाचा बीएमआय पुढे पाच-सहा वर्षांपर्यंत उतरत जातो आणि मग पुन्हा चढू लागतो. म्हणून आकडा वय आणि लिंगानुसार तक्त्यावर बघावा लागतो.

भारतात पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे तक्ते आणि पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरतात. या दुसऱ्या तक्त्यांच्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. मोठेपणी २३ आणि २७ बीएमआयला जाऊन मिळतील अशा दोन रेषा त्यांत आहेत: पहिलीच्या वर जादा वजन, दुसरीच्या वर लठ्ठपणा. अमेरिकेत ८५ आणि ९५ पर्सेंटाईलच्या रेषा धरतात. ८५ पर्सेंटाईल म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांतली ८५ त्या रेषेच्या खाली. दोन अहवालांची तुलना करण्याआधी कोणता तक्ता वापरलाय ते बघा, नाहीतर तेच मूल एका तक्त्यावर ठीक आणि दुसऱ्यावर जाड ठरायचं.

सहा महिन्यांत एक किलोही उतरला नाही. कार्यक्रम वाया गेला म्हणायचा का?

तेवढ्यावरून नाही. समजा, आठ वर्षांचा मुलगा १२८ सेंटिमीटर उंच आणि ३८ किलोचा आहे. बीएमआय २३.२. वर्षभरात उंची १३४ झाली आणि वजन ३८ वरच थांबलं, तर बीएमआय २१.२ वर येतो. काट्यावर काहीच हललेलं नाही, तरी मुलगा चांगलाच सुधारला. वाढत्या मुलांत पुष्कळदा वजन थोपवून धरणं हेच उद्दिष्ट असतं. किलोत यश मोजणारा कार्यक्रम मुलांसाठी आखलेलाच नाही असं मी खुशाल समजतो.

संशोधक बीएमआयचा झेड-स्कोअर वापरतात, म्हणजे त्या वयाच्या सरासरीपासून मूल किती दूर आहे याचं माप. ०.२ ते ०.२५ ने तो उतरला तर रक्तदाब, साखर, चरबी यांवर फरक दिसू लागतो असं साधारण मानतात. फार जाड मुलांत मात्र झेड-स्कोअर दगा देतो: बीएमआय बराच बदलला तरी स्कोअर जेमतेम हलतो. तिथे ९५ पर्सेंटाईलच्या किती टक्के वर, असं माप जास्त बोलकं ठरतं.

आता उंचीच्या पट्टीबद्दल एक सूचना. वरच्याच मुलाची उंची एका सेंटिमीटरने कमी मोजली गेली, तर बीएमआय ०.३७ ने चढतो. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांवरच्या ७० चाचण्यांचा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा) २०१७ मध्ये आला. त्यात वागणूक बदलणाऱ्या कार्यक्रमांनी पडलेला सरासरी फरक सुमारे ०.५ बीएमआय इतकाच होता. म्हणजे चपला काढल्या की नाही, अंबाडा पट्टीखाली आला का, टाचा भिंतीला टेकल्या का, यावर तुमचा निष्कर्ष उलटू शकतो. भारी सॉफ्टवेअर घेण्याआधी भिंतीवर पक्की बसवलेली उंचीची पट्टी घ्या.

आमच्याकडे आलेल्या बहुतेक मुलांचा बीएमआय उतरला. हा पुरावा नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि उत्तर ऐकून सर्वांत जास्त हिरमोड होतो. नाही, एवढ्यावर पुरावा होत नाही.

पहिलं कारण, मूल कार्यक्रमात येतं ते वजन सगळ्यांच्या डोळ्यांत आल्यावर, म्हणजे बहुधा चढाच्या टोकाला. टोकावरचं मोजमाप पुढच्या वेळी थोडं खाली येण्याकडेच झुकलेलं असतं, तुम्ही काही करा वा नका करू. दुसरं, तीन-चार वर्षांच्या मुलाचा बीएमआय त्या वयात तसाही उतरतो. तिसरं, आपणहून नाव घालणारे आईवडील आधीच कंबर कसून आलेले असतात. आणि चौथं सर्वांत घातक: ज्यांचं काही जमलं नाही ती मंडळी यायचीच बंद होतात. वर्षाअखेर तुमच्यासमोर उरतात ती जमलेली. त्यांची सरासरी छान येणारच.

म्हणून तुलनेला दुसरा गट लागतो, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सहा बालरोग दवाखान्यांत ७२१ मुलांवर 'कनेक्ट फॉर हेल्थ' ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एका गटाला सुधारित दवाखाना-सेवा मिळाली, दुसऱ्याला तीच सेवा आणि वर वैयक्तिक प्रशिक्षक. वर्षभराने झेड-स्कोअर पहिल्या गटात ०.०६ ने आणि दुसऱ्यात ०.०९ ने उतरला. दोन्हींतला फरक ठाम म्हणण्याजोगा नव्हता. आता हे 'दोन्ही कार्यक्रम चालले' असंही वाचता येतं आणि 'प्रशिक्षकाने विशेष काही साधलं नाही' असंही. नेहमीचीच सेवा घेणारा तिसरा गट नव्हता, त्यामुळे पहिलं वाचन या चाचणीपुरतं तरी सिद्ध होत नाही. ०.०६ हा आकडा वर सांगितलेल्या ०.२ च्या किती मागे आहे, तेही बघून ठेवा.

डॉक्टरांनी चार वेळा नीट समजावून सांगितलं तर पुरेसं नाही का?

हे मेलबर्नमध्ये फार काटेकोरपणे तपासलं गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तिथल्या फॅमिली डॉक्टरांनी 'लीप' नावाचा कार्यक्रम घेतला. जादा वजनाच्या किंवा सौम्य लठ्ठ अशा पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी बारा आठवड्यांत चार भेटी, त्यात कुटुंबाने स्वतः छोटी छोटी उद्दिष्टं ठरवायची. डॉक्टरांना आधी प्रशिक्षण दिलं होतं. पहिल्या फेरीत १६३ मुलं होती. आईवडिलांनी भरलेल्या प्रश्नावलीत खाणंपिणं सुधारलेलं दिसलं, बीएमआय मात्र जागचा हलला नाही. पद्धत सुधारून दुसरी, मोठी फेरी झाली: ४५ दवाखाने, ६६ डॉक्टर. ३,९५८ मुलांची वजन-उंची मोजल्यावर २५८ मुलं चाचणीत आली. वर्षभरात त्यांतली सहा टक्क्यांच्या आसपासच गळली, आणि ही फार मोठी कामगिरी आहे. निष्कर्ष २००९ मध्ये आले. बारा महिन्यांनी दोन गटांच्या बीएमआयमध्ये फरक होता ०.११, म्हणजे नसल्यासारखाच. व्यायामातही फरक नाही, आहारातही नाही.

तेव्हा काहींनी म्हटलं, फॅमिली डॉक्टर एकटे पडले, तज्ज्ञांची साथ हवी होती. मग त्याच शहरात 'हॉपस्कॉच' चाचणी झाली: आधी मोठ्या रुग्णालयातल्या वजन-विभागात एक भेट, मग फॅमिली डॉक्टरांकडे वर्षभरात अकरापर्यंत भेटी, दोघांना जोडणारं संगणकीय सॉफ्टवेअर. तीन ते दहा वर्षांची ११८ मुलं. २०१३ मध्ये निकाल आला, फरक पुन्हा नाही.

लीपचा मला आदर वाटतो. कार्यक्रम चालला नाही, पण मूल्यमापन इतकं स्वच्छ होतं की 'नाही' हे उत्तर खरं मानावं लागतं. गळती जास्त असती, उंची दवाखान्यातल्याच कुणी घाईत मोजली असती, नुसत्या प्रश्नावलीवर भागवलं असतं, तर हाच कार्यक्रम यशस्वी म्हणून गावभर झाला असता. आईवडिलांच्या सांगण्यावर यश ठरवू नये याचंही हे उदाहरण. ते खोटं बोलतात असं नाही. डॉक्टरांनी शीतपेयं बंद करा सांगितल्यावर 'हो, कमी केली' हेच उत्तर सभ्य माणूस देतो.

मग दवाखान्यात काही चाललंच नाही का?

चाललं. अमेरिकेतल्या 'बीएमआय-टू' चाचणीत ४२ दवाखान्यांतली दोन ते आठ वर्षांची ६४५ मुलं होती. नेहमीची सेवा, डॉक्टरांकडून प्रेरक संवादाच्या चार बैठका, आणि या बैठकांबरोबर आहारतज्ज्ञांच्या सहा, असे तीन गट. दोन वर्षांनी बीएमआयचा पर्सेंटाईल अनुक्रमे ९०.३, ८८.१ आणि ८७.१ आला. ठाम फरक पडला तो तिसऱ्याच गटात, आहारतज्ज्ञ असलेल्या. प्रेरक संवाद म्हणजे उपदेश न करता आईवडिलांकडूनच 'आम्हाला काय बदलायचंय' हे काढून घेणं. आपल्या ओपीडीत याला वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न उरतोच.

उलट, जास्त ते नेहमीच चांगलं असंही नाही. मॅसॅच्युसेट्समधल्याच 'स्टार' चाचणीत १४ दवाखान्यांतली सहा ते बारा वर्षांची ५४९ मुलं होती. डॉक्टरांच्या संगणकावर इशारा आणि पुढची दिशा दाखवणारी सोय केली, तेवढ्याने नेहमीच्या सेवेच्या तुलनेत बीएमआय ०.५१ ने कमी राहिला. वर प्रशिक्षकाची जोड दिलेल्या गटात फरक ०.३४ वर आला आणि तो योगायोगाचा असण्याची शक्यता पुसता आली नाही. का, ते नेमकं सांगता येत नाही. पण 'आणखी एक माणूस नेमू' हे उत्तर आपोआप बरोबर ठरत नाही, एवढं दिसतं.

'२६ तास' हा आकडा सगळीकडे दिसतो. तो कुठला?

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१७ मध्ये उपलब्ध चाचण्या तासांप्रमाणे लावल्या. एकूण संपर्क २६ तासांच्या खाली असलेले कार्यक्रम क्वचितच उपयोगी पडले होते, त्यावर गेलेले बऱ्यापैकी, आणि ५२ तासांच्या पुढचे सर्वांत जास्त. २०२४ मध्ये सहा वर्षांवरच्या मुलांसाठी हाच सल्ला कायम राहिला, आणि २०२३ मध्ये अमेरिकी बालरोग अकादमीनेही तीन ते बारा महिन्यांत २६ तास असंच म्हटलं. लीपच्या चारही भेटी मिळून फार तर तास-दीड तास होतो. हिशेब करून बघा.

मात्र २६ ही काही लक्ष्मणरेषा नाही. जास्त तासांचे कार्यक्रम बहुधा विशेष केंद्रांत, निवडक कुटुंबांवर झालेले. तासांमुळे फरक पडला की तितके तास देऊ शकणाऱ्या कुटुंबांमुळे, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही.

इतके तास साध्या दवाखान्यात शक्य तरी आहेत का?

२०२३ मध्ये याचं चांगलं उत्तर मिळालं. अमेरिकेतल्या बफेलो, रॉचेस्टर, कोलंबस आणि सेंट लुईस या चार ठिकाणी सहा ते बारा वर्षांच्या ४५२ मुलांवर दोन वर्षं चाचणी चालली. काम डॉक्टरांवर टाकलं नव्हतं. प्रशिक्षित मार्गदर्शक दवाखान्यातच बसत आणि मुलाबरोबर एका पालकालाही उपचार देत. वयाच्या मध्यम बीएमआयपेक्षा मूल किती टक्के वर आहे, या मापावर दोन गटांत सुमारे सहा अंकांचा फरक पडला. गंमत पुढेच आहे: ज्यांच्यावर कुणी थेट काम केलं नव्हतं अशा भावंडांचंही वजन सुधारलं. पालकांचंही. घरातला फ्रिज सगळ्यांचा एकच असतो, शेवटी. मूल्यमापन करताना भावंडांची नोंद ठेवायला जवळजवळ खर्च येत नाही, तरी फार थोडे लोक ती ठेवतात.

मधेच सोडून गेलेल्यांचं काय करायचं?

मोजायचं. ज्या गटात होते त्याच गटात धरून. फोन करा, शाळेतून वजन-उंची मिळत असेल तर परवानगी घेऊन आणा. ते मिळालंच नाही तर 'त्यांच्यात काहीच बदल झाला नाही' असं धरून एकदा गणित करा आणि निष्कर्ष टिकतो का बघा. ४० मुलं आली, २२ उरली, त्यांतल्या १५ जणांना फायदा झाला, तर तो ४० पैकी १५ ना झाला. अहवालात '६८ टक्के यश' छापू नका.

सगळी मुलं एकाच डॉक्टरांकडे येतात. निम्म्यांना कार्यक्रम आणि निम्म्यांना नाही, असं कसं करणार?

करू नका. नवी पद्धत शिकलेले डॉक्टर ती दुसऱ्या मुलापुरती विसरू शकत नाहीत. म्हणून अशा चाचण्यांत मुलांऐवजी अख्ख्या दवाखान्यांचीच चिठ्ठी टाकतात. बीएमआय-टू आणि स्टार तशाच होत्या. त्यासाठी मुलं जास्त लागतात आणि हिशेबही संख्याशास्त्र जाणणाऱ्याकडून करून घ्यावा लागतो. तीन-चार दवाखाने मिळून करत असाल तर टप्प्याटप्प्याने सुरू करा: कुणी जानेवारीत, कुणी जूनमध्ये. थांबलेला दवाखाना तोवर तुलनेला मिळतो आणि कुणाला कायमचं वगळल्यासारखंही होत नाही.

वजनावर इतकं बोलल्याने मुलाच्या मनावर परिणाम होणार नाही?

भीती रास्त आहे. वर्गात 'ढोल्या' म्हणून चिडवलं जाणारं मूल दवाखान्यातही तेच ऐकायला आलं, तर तो उपचार नव्हे. पण देखरेखीखाली नीट चाललेल्या कार्यक्रमांत खाण्याचे विकार वाढतात असं दिसत नाही, उलट थोडे कमी होतात, असं २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात आढळलं. हे चाचण्यांतल्या कार्यक्रमांबद्दल. घरच्या घरी उपाशी ठेवण्याबद्दल किंवा इन्स्टाग्रामवरच्या डाएटबद्दल नाही.

तुमच्या मूल्यमापनात अपाय शोधण्याची सोय हवीच: उंचीची वाढ मंदावली का, मूल लपून खातंय का, जेवण टाळतंय का, स्वतःच्या शरीराबद्दल काय बोलतंय. विचारलंच नाही तर 'कोणताही अपाय आढळला नाही' हे वाक्य लिहिण्याचा हक्क आपल्याला नाही.

आता औषधं आलीत, मग हे सगळं कशाला?

सेमाग्लुटाइड या वजन कमी करणाऱ्या औषधावर १२ ते १८ वर्षांच्या २०१ मुलांची चाचणी २०२२ मध्ये आली: ६८ आठवड्यांत बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी उतरला. कुठलाही सल्ला-कार्यक्रम याच्या जवळपासही जात नाही, हे मान्य करायलाच हवं. पण त्या चाचणीत दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा कार्यक्रम दिलेला होता, आणि लहान वयात सुरू केलेलं औषध किती वर्षं चालवायचं हा प्रश्न मोठा आहे. पाच-सात वर्षांच्या मुलाच्या आईला आज देण्यासारखं उत्तर कुटुंबाबरोबरचं काम हेच आहे.

खर्चाचा हिशेब धरावा का?

धरावा, आणि त्यात आईवडिलांचा बुडालेला रोजही धरावा.

हे परदेशातले निष्कर्ष आपल्याकडे कितपत लागू?

दिशा लागू आहे, आकडे तसेच्या तसे नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधली ३.५ किलोची. इतकी लहान असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने टिकून होतं, स्नायू कमी. अशी मुलं पुढे बीएमआयच्या तक्त्यावर ठीक दिसतात आणि कमरेत चरबी साठवत असतात. म्हणून आपल्या दवाखान्यात कमरेचं माप घ्याच. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर बीएमआय काहीही म्हणो, लक्ष द्या.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे दोन्ही टोकं एकाच गल्लीत असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी होती, आणि जादा वजनाची ४.१ टक्के, हा दुसरा आकडा चौथ्या फेरीत १.९ होता. उंची खुंटलेल्या मुलाचं वजन थोडं वाढलं तरी बीएमआय चढतो. अशा मुलाला 'कमी खा' सांगणारा कार्यक्रम त्याचं नुकसान करेल. म्हणून नोंदवहीत बीएमआयआधी उंचीचा पर्सेंटाईल बघायची सवय लावा.

मोजण्याची यंत्रणा आपल्याकडे अगदीच नाही असंही नाही. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात. तुमच्या दवाखान्याच्या कार्यक्रमात नसलेल्या मुलांची तुलना हवी असेल, तर ती मोजमापं पहिल्यांदा मागून बघण्यासारखी आहेत.

आमचा छोटा दवाखाना आहे, संशोधन करायचं नाही. किमान काय नोंदवू?

जन्मतारीख, पहिल्या दिवसाची वजन-उंची-कंबर, प्रत्येक वेळी तीच पट्टी आणि तोच काटा, प्रत्येक भेटीची मिनिटं, आणि सहा व बारा महिन्यांची मोजमापं, मग मूल कार्यक्रमात असो वा सोडून गेलेलं. जमलं तर २४ महिन्यांचीही, कारण वर्षभरात मिळवलेलं पुढच्या वर्षात पुष्कळदा निसटतं. किती जणांना सुचवलं आणि किती जण आले, हे दोन आकडेही ठेवा. 'किती मुलांचा बीएमआय नोंदवला' एवढाच आकडा मिरवू नका. तो तुमच्या कामाचा आकडा झाला, मुलांच्या तब्येतीचा नव्हे.

मुलीचं नाव घालायचं आहे. डॉक्टरांना काय विचारू?

वर्षभरात एकूण किती तास मिळतील, डॉक्टरांशिवाय आणखी कोण भेटेल, आणि मागच्या वर्षी सुरू केलेल्यांपैकी किती जण शेवटपर्यंत टिकले. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात आलं, तर तो दवाखाना बहुधा कामाचा. पहिल्या भेटीला मुलीला एकटीला पुढे करून बसवू नका, तुम्हीही काट्यावर उभे राहा. आजी घरात असतील तर त्यांनाही न्या. दुपारी शाळेतून आल्यावर खायला त्याच देतात.